‘शेड्यूल’ म्हणजे काय? एका इंग्रजी शब्दाचा प्रवास आणि आपली ओळख

दीपनगरला राहणाऱ्या माणसाला ‘शेड्यूल’ हा शब्द शिकवावा लागत नाही. भुसावळ-वरणगाव रस्त्यावरच्या या वसाहतीत औष्णिक वीज केंद्राच्या धुराड्यांखाली तो दिवसभर कानावर पडत असतो. कंट्रोल रूममध्ये विचारतात, “आजचं शेड्यूल किती आलं?” म्हणजे राज्य भार प्रेषण केंद्राने कोणत्या वेळेला किती मेगावॅट वीज मागितली आहे. दिवसाचे पंधरा-पंधरा मिनिटांचे ९६ भाग पाडून हे शेड्यूल ठरते. कामगार विचारतो, “या आठवड्यात शिफ्टचं शेड्यूल काय?” कंत्राटदार ‘शेड्यूल रेट’ची भाषा बोलतो. औषधाच्या दुकानात मिळालेल्या गोळ्यांच्या पाकिटावर ‘शेड्यूल एच’ असे छापलेले असते. आणि बँकेच्या पाटीवर, जाहिरातीत, पासबुकावर ‘शेड्यूल्ड बँक’ असे मोठ्या दिमाखाने लिहिलेले असते.

याच वसाहतीत जयंतीच्या कार्यक्रमानंतर खुर्च्या आवरताना एका तरुणाने मला एक प्रश्न विचारला. आयटीआय करून तो कंत्राटदाराकडे कामाला आहे. म्हणाला, “दादा, चहाच्या टपरीवर माझ्याबद्दल बोलताना एकजण दुसऱ्याला हळूच म्हणाला, ‘शेड्यूलमधला आहे.’ मी मोबाईलवर अर्थ शोधला तर वेळापत्रक असा अर्थ निघाला. मग आपण शेड्यूल कसे? आणि ते हळू आवाजात का म्हणायचं?”

प्रश्न साधा होता, पण माझ्याकडे त्याचे पूर्ण उत्तर तयार नव्हते. ‘अनुसूचित जाती म्हणजे यादीतल्या जाती’ एवढे सांगून मी वेळ मारून नेली. ते उत्तर चूक नव्हते, पण अपुरे होते. बँक ज्या शब्दाचा अभिमानाने फलक लावते तोच शब्द आपल्याबाबतीत कुजबुजीचा का होतो, हे त्यात येत नव्हते. म्हणून हा लेख.

चिठ्ठीपासून कायद्यापर्यंत

‘शेड्यूल’ शब्दाचे मूळ लॅटिन भाषेत आहे. ‘स्केडा’ म्हणजे पपायरसची पट्टी, कागदाचे पान. त्याचे लहान रूप ‘स्केडुला’, म्हणजे चिठ्ठी, चिटोरे. त्याच्याही मागे गेले तर फाडणे, चिरणे अशा अर्थाच्या धातूशी त्याचे नाते लावले जाते. संस्कृतातला ‘छिद्’ धातू त्याच कुळातला. म्हणजे मुळात हा शब्द फाडून वेगळ्या काढलेल्या कागदाच्या तुकड्याचा आहे.

फ्रेंचमधून तो इंग्रजीत आला तेव्हा लोक त्याला ‘सेड्यूल’ म्हणत. पुढे विद्वानांनी लॅटिनची आठवण म्हणून स्पेलिंग बदलले आणि मग उच्चाराचाही घोळ झाला. इंग्लंडमध्ये ‘शेड्यूल’ आणि अमेरिकेत ‘स्केड्यूल’. आपण इंग्रजांच्या राज्यात होतो म्हणून आपल्या तोंडी ‘शेड्यूल’ बसला. हल्लीची आयटीतली मुले ‘स्केड्यूल’ म्हणतात, कारण त्यांचे साहेब अमेरिकेत बसतात. उच्चारसुद्धा सत्ता कुठे आहे ते सांगतो.

या चिठ्ठीचा उपयोग काय होता? मोठा दस्तऐवज लिहून झाला की तपशील वेगळ्या कागदावर लिहून त्याला जोडत. मृत्युपत्र असेल तर कोणाला काय द्यायचे त्याची यादी, खरेदीखत असेल तर कोणती जमीन त्याचे वर्णन. तुमच्या घरी खरेदीखत असेल तर काढून पाहा. मिळकतीचे वर्णन आणि चतुःसीमा वेगळ्या परिच्छेदात दिलेल्या असतात. तेच ‘शेड्यूल’. पुढे कायदे करणाऱ्यांनी हीच पद्धत उचलली. कायद्याच्या पोटात नियम आणि शेवटी जोडलेल्या पानांवर याद्या. ब्रिटनमध्ये १८०३ च्या प्राप्तिकर कायद्यात उत्पन्नाचे प्रकार शेड्यूल ए, बी, सी, डी, ई असे वाटलेले होते. मराठीत आपण याला परिशिष्ट म्हणतो, अनुसूची म्हणतो.

वेळापत्रक हा अर्थ फार उशिरा आला. तो एकोणिसाव्या शतकातला, अमेरिकेतल्या रेल्वेचा. कोणती गाडी कधी सुटणार याचीही यादीच असते, म्हणून तिला शेड्यूल म्हणू लागले. आज तोच अर्थ सगळ्यात पुढे आहे. त्यामुळेच आमच्या त्या तरुणाला मोबाईलने वेळापत्रक दाखवले.

तर ‘शेड्यूल्ड’ याचा शब्दशः अर्थ एवढाच: कायद्याला जोडलेल्या यादीत ज्याचे नाव आहे तो. रिझर्व्ह बँकेच्या १९३४ च्या कायद्याच्या दुसऱ्या शेड्यूलमध्ये नाव असलेली बँक ती शेड्यूल्ड बँक. यात उच्च नाही, नीच नाही, शुद्ध नाही, अशुद्ध नाही. पण मित्रांनो, यादी कोण करतो आणि कशासाठी करतो, यावर तिचे बरेवाईटपण ठरते. आणि हे समजून घ्यायला खानदेशाइतकी चांगली जागा नाही.

खानदेशात हा शब्द पहिल्यांदा आला तेव्हा

‘शेड्यूल्ड’ हे विशेषण आपल्या भागात आले ते माणसांना नव्हे तर मुलखाला लागून. १८७४ साली इंग्रज सरकारने ‘शेड्यूल्ड डिस्ट्रिक्ट्स अ‍ॅक्ट’ केला. ज्या प्रदेशात नेहमीचे कायदे लागू करायचे नाहीत, त्यांची यादी या कायद्याला जोडली. मुंबई इलाख्यातून त्या यादीत सिंध होते, एडन होते, पंचमहाल होते. आणि होती खानदेशातल्या मेहवासी प्रमुखांची गावे: काठी, नाल, सिंगपूर, गव्हाळी, चिखली, नवलपूर. आजच्या नंदुरबार जिल्ह्यातला हा सातपुड्याच्या कुशीतला भिल्ल-पावरा मुलूख. काठीची होळी पाहायला आज सगळीकडून लोक जातात. ते काठी सव्वाशे-दीडशे वर्षांपूर्वी ‘शेड्यूल्ड’ झाले होते.

त्या यादीचा हेतू काय होता? या लोकांना नेहमीच्या कायद्याबाहेर ठेवणे. कोर्ट-कचेरीचे नेहमीचे नियम तिथे आपोआप लागू होणार नव्हते, सरकारने ठरवले तरच ते लागू होणार होते. याला संरक्षण म्हणा किंवा वगळणूक म्हणा, विचारणार कोण? डोंगरातल्या माणसाला कोणी विचारले नाही.

त्याच्या तीनच वर्षे आधी, १८७१ साली, इंग्रजांनी आणखी एक यादी सुरू केली होती. गुन्हेगार जमातींची. त्या कायद्याचा फास पुढे मुंबई इलाख्यातही आला. त्या यादीत नाव आले की हजेरी, पास आणि तारेच्या कुंपणातली वसाहत. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी त्या यादीतून सुटका झाली तो आपल्या भटक्या-विमुक्त बांधवांचा विमुक्त दिन. यादीतून बाहेर पडणे म्हणजे त्यांच्यासाठी मुक्ती होती.

हे मुद्दाम सांगतो, कारण यादी स्वतः काही चांगली किंवा वाईट नसते. एक यादी कुंपण घालते, दुसरी दार उघडते. आता दुसऱ्या यादीकडे येऊ.

चाळीसगावचा टांगा आणि ‘डिप्रेस्ड’ हे नाव

इंग्रजी कारभारात अस्पृश्यांना ‘डिप्रेस्ड क्लासेस’ म्हणत. दबलेले, दडपलेले वर्ग. सुधारकांनीही तो शब्द उचलला होता. महर्षी विठ्ठल रामजी शिंदे यांनी १९०६ साली मुंबईत काढलेल्या संस्थेचे इंग्रजी नाव ‘डिप्रेस्ड क्लासेस मिशन’ आणि मराठी नाव ‘भारतीय निराश्रित साह्यकारी मंडळ’. हेतूबद्दल शंका नको. पण नावे पाहा. दडपलेले आणि निराश्रित. कोणी दडपले, आश्रय कोणी हिरावला, ते या नावात कुठेच नाही.

त्या उलट बाबासाहेबांनी आपल्या सभेला आणि पत्राला नाव दिले ‘बहिष्कृत’. १९२४ ची बहिष्कृत हितकारिणी सभा आणि १९२७ चे ‘बहिष्कृत भारत’. बहिष्कृत म्हटले की लगेच पुढचा प्रश्न उभा राहतो: बहिष्कार घातला कोणी? नावातच आरोप आहे. हा फरक आंबेडकरी कार्यकर्त्याने नीट लक्षात ठेवावा.

१९२८ साली मुंबई सरकारने अस्पृश्य आणि आदिवासींच्या स्थितीची चौकशी करण्यासाठी एक समिती नेमली. अध्यक्ष स्टार्ट नावाचे अधिकारी होते, म्हणून तिला स्टार्ट समिती म्हणतात. बाबासाहेब तिचे सदस्य होते. त्या कामासाठी १९२९ मध्ये ते खानदेशात आले. धुळे भागातल्या एका गावात अस्पृश्यांवर घातलेल्या सामाजिक बहिष्काराची चौकशी करायची होती. परतताना चाळीसगाव स्टेशनवर आपले लोक भेटले, रात्री मुक्कामाचा आग्रह झाला. स्टेशनावरून महारवाड्यात न्यायला टांगा हवा. पण अस्पृश्य माणूस बसवून टांगा हाकायला एकही टांगेवाला तयार होईना. टांगा भाड्याने देऊ, हाकणार नाही, असे ते म्हणाले. आपल्या पाहुण्याला पायी कसे न्यायचे म्हणून शेवटी आपल्यातलाच एकजण, ज्याला टांगा हाकण्याची सवय नव्हती, तो हाकायला बसला. नदीवरच्या मोरीजवळ टांगा उलटला. घोडा-गाडी खाली गेली आणि बाबासाहेब दगडी फरशीवर फेकले गेले. पाय मोडला. आठवणी सांगताना बाबासाहेबांनी स्वतः ही घटना लिहून ठेवली आहे.

विचार करा. सरकारी समितीचा सदस्य, विलायतेतून शिकून आलेला बॅरिस्टर, आणि चाळीसगावच्या टांगेवाल्यासाठी तो फक्त अस्पृश्य. ज्या अन्यायाची नोंद करायला बाबासाहेब आले होते त्याच अन्यायाने त्यांचा पाय मोडला. त्या समितीचा अहवाल १९३० मध्ये आला. त्यात ‘मागासवर्ग’ या ढोबळ गठ्ठ्याचे तीन भाग करावेत अशी शिफारस होती: डिप्रेस्ड क्लासेस, आदिवासी व डोंगरी जमाती, आणि इतर मागासवर्ग. आज आपण एससी, एसटी, ओबीसी म्हणतो त्या विभागणीची ही एक जुनी खूण.

नाव कोणी ठेवायचे?

पुढची दोन वर्षे बाबासाहेब नावासाठीही झगडत होते. गोलमेज परिषदेत त्यांनी आणि रावबहादूर श्रीनिवासन यांनी ‘डिप्रेस्ड क्लासेस’ या नावाला हरकत घेतली. आपल्याला जातिबाह्य हिंदू, प्रोटेस्टंट हिंदू किंवा नॉन-कन्फर्मिस्ट हिंदू म्हणावे असे पर्याय त्यांनी मांडले. १९३२ साली मताधिकार समितीला दिलेल्या टिपणातही त्यांनी सांगितले की हे नाव आमच्या लोकांना अपमानास्पद वाटते आणि ते बदलले पाहिजे. ‘बाह्य जाती’ किंवा ‘वगळलेल्या जाती’ असे शब्द त्यांनी सुचवले. १९३१ च्या जनगणनेचे आयुक्त हटन यांनीही ‘बाह्य जाती’ हाच शब्द वापरला होता.

यातले एकही नाव शेवटी टिकले नाही. १९३५ चा भारत सरकार कायदा आला आणि त्यात नवा शब्द आला: शेड्यूल्ड कास्ट्स. व्याख्या अगदी कोरडी. पूर्वी ज्यांना डिप्रेस्ड क्लासेस म्हणत त्यांच्याशी जुळणाऱ्या ज्या जाती सरकार आदेशाने नमूद करील त्या शेड्यूल्ड कास्ट्स. आणि ३० एप्रिल १९३६ रोजी तो आदेश निघाला, प्रांतवार याद्यांसह.

या कोरडेपणातच या शब्दाची ताकद आहे असे माझे म्हणणे आहे. ‘डिप्रेस्ड’ शब्दात कीव होती. ‘निराश्रित’ शब्दात दया होती. ‘अस्पृश्य’ शब्दात शिवी होती. ‘शेड्यूल्ड’ शब्दात यातले काहीच नाही. तो तुमच्या अंगाला चिकटत नाही. तो फक्त सांगतो की या माणसांचे काही देणे कायद्याकडे लागते, आणि ते कोणाचे लागते त्याची यादी सोबत जोडली आहे. खरेदीखताच्या शेवटी चतुःसीमा असतात तशी.

दया आणि हक्क यातला फरक दोनच वर्षांत पुन्हा उघडा पडला. जानेवारी १९३८ मध्ये मुंबई विधानसभेत काँग्रेस सरकारने लोकल बोर्ड कायद्यातल्या दुरुस्तीतून ‘हरिजन’ हे नाव आणले. दादासाहेब गायकवाडांनी विरोध केला. आम्ही देवाची माणसे असू तर बाकीचे कोणाची, दैत्यांची का, असा त्यांच्या बोलण्याचा रोख होता. ज्यांना नाव द्यायचे त्यांचे मत विचारात घ्या, ही मागणी बहुमताच्या जोरावर फेटाळली गेली. तेव्हा बाबासाहेब आणि स्वतंत्र मजूर पक्षाचे सदस्य सभात्याग करून बाहेर पडले. ‘हरिजन’ शब्द सरकारी कागदात वापरू नये अशी सूचना केंद्र सरकारने राज्यांना दिली ती १९८२ मध्ये. चव्वेचाळीस वर्षे लागली.

पण ‘शेड्यूल्ड कास्ट’ या शब्दावर बाबासाहेबांनी सभात्याग केला नाही. उलट १९४२ साली नागपुरात त्यांनी ऑल इंडिया शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशन स्थापन केले. आपल्या आजोबांच्या पिढीचे ‘शेकाफे’ ते हेच. मराठीत मात्र लोक त्याला ‘दलित फेडरेशन’ म्हणत. हे दुहेरी नाव फार शिकवणारे आहे. सरकारशी बोलताना कायद्यातले नाव, आपसांत बोलताना संघर्षाचे नाव. आणि वेळ आली तेव्हा फेडरेशनही बाजूला ठेवून सर्व शोषितांसाठी रिपब्लिकन पक्षाची कल्पना त्यांनीच मांडली. ३ ऑक्टोबर १९५७ रोजी तो पक्ष स्थापन झाला तेव्हा ते आपल्यात नव्हते. पक्षाच्या नावात आता ‘शेड्यूल्ड’ नव्हते. कायद्यातली यादी मात्र कायम होती.

यादी नेमकी कुठे आहे?

स्पर्धा परीक्षा देणाऱ्या मुलांना मी विचारतो, अनुसूचित जातींची यादी राज्यघटनेच्या कितव्या परिशिष्टात आहे? बहुतेक जण पाचव्या किंवा सहाव्या म्हणतात. कोणी नवव्या म्हणतात. खरे उत्तर: एकाही नाही. घटनेला सुरुवातीला आठ परिशिष्टे होती, आज बारा आहेत, आणि त्यातल्या एकातही अनुसूचित जातींची यादी नाही. पाचवे परिशिष्ट अनुसूचित क्षेत्रांचे, म्हणजे आपल्याकडे अक्कलकुवा, अक्राणी, तळोदा, नवापूर आणि जळगाव जिल्ह्यातल्या चोपडा, यावल, रावेर तालुक्यांतली काही गावे.

आपली यादी घटनेच्या अनुच्छेद ३४१ नुसार राष्ट्रपतींनी काढलेल्या स्वतंत्र आदेशात आहे. त्याची तारीख १० ऑगस्ट १९५०. जातीच्या दाखल्यासाठी तहसील कार्यालयात गेलात की ‘१९५० पूर्वीचा पुरावा आणा’ असे सांगतात ना, ती तारीख इथून येते. एकदा आदेश निघाला की त्यात नाव घालणे किंवा काढणे फक्त संसदेच्या हातात. राज्य सरकारला ते करता येत नाही आणि न्यायालयालाही नाही. महाराष्ट्राच्या यादीत ५९ नोंदी आहेत. ३७ व्या नोंदीत महार, मेहरा, तराळ, धेगू-मेगू.

आता या यादीच्या आदेशातला तिसरा परिच्छेद. ज्याचा धर्म हिंदू नाही त्याला अनुसूचित जातीचा समजू नये, असे त्यात होते. हे बीज १९३६ च्या आदेशातही होते. तिथे ख्रिस्ती माणसाला आणि बंगालमध्ये बौद्ध माणसालाही यादीबाहेर ठेवले होते. १९५६ साली दुरुस्ती झाली आणि हिंदूंबरोबर शीख धर्मीयांना जागा मिळाली. त्याच वर्षी १४ ऑक्टोबरला नागपुरात बाबासाहेबांनी लाखोंना धम्म दिला. महाराष्ट्रातल्या बौद्धांची संख्या १९५१ च्या जनगणनेत अडीच हजाराच्या आत होती. १९६१ मध्ये ती सुमारे २७ लाख ९० हजार झाली. जगाच्या इतिहासात असे थोडेच घडले असेल.

पण या माणसांना धम्म स्वीकारताच यादीची चिठ्ठी हातातून काढून घेतली गेली. महाराष्ट्र सरकारने १९६० साली नवबौद्धांना राज्याच्या सवलती दिल्या. केंद्राच्या नोकऱ्या आणि राखीव मतदारसंघ मात्र बंद. वरणगावची ऑर्डनन्स फॅक्टरी केंद्राची, भुसावळची रेल्वे केंद्राची. म्हणून आपल्याकडे घराघरात दोन ओळखी तयार झाल्या. भिंतीवर बुद्ध आणि दाखल्यावर ‘हिंदू महार’. त्या पिढीला आज आपण नावे ठेवतो. पण पोट आणि धम्म यांच्यात निवड करायला लावणारा कायदा होता, हे विसरू नका. शेवटी १९९० मध्ये, व्ही. पी. सिंग सरकारच्या काळात, त्या परिच्छेदात ‘बौद्ध’ हा शब्द आला. चौतीस वर्षांनी. मुसलमान आणि ख्रिस्ती झालेल्या आपल्या बांधवांसाठी तो दरवाजा आजही बंद आहे.

विमुक्तांना यादीतून निघाल्यावर मोकळा श्वास मिळाला. आपल्याला यादीतून काढले तेव्हा शिक्षा मिळाली. शब्द तोच, चिठ्ठीही तीच. फरक पडतो तो तिच्यावर काय लिहिले आहे याने.

वेळापत्रकाचा गोंधळ

या शब्दाच्या दुसऱ्या अर्थाने, वेळापत्रकाच्या, आपले वेगळेच नुकसान केले आहे. “आरक्षण तर दहाच वर्षांसाठी होते” हे वाक्य तुम्ही कट्ट्यावर, व्हॉट्सअ‍ॅपवर, ऑफिसात शेकडो वेळा ऐकले असेल. जणू आरक्षणाला शेवटच्या गाडीची वेळ छापलेली होती आणि ती गाडी आपण बळजबरीने थांबवून ठेवली आहे.

घटना वाचा. दहा वर्षांची मुदत आहे ती अनुच्छेद ३३४ मध्ये, आणि ती फक्त लोकसभा व विधानसभेतल्या राखीव जागांना आहे. तिला संसदेने वेळोवेळी मुदतवाढ दिली. १०४ व्या घटनादुरुस्तीने ती आता २०३० पर्यंत आहे. शिक्षणातल्या जागांसाठी अनुच्छेद १५(४) आणि नोकरीतल्या जागांसाठी अनुच्छेद १६(४). त्यात मुदत नाही. तारीख नाही. शेड्यूल आहे, पण ते यादी या अर्थाने. वेळापत्रक या अर्थाने नाही. यापुढे कोणी हे वाक्य टाकले तर वाद घालू नका, अनुच्छेदाचा क्रमांक सांगा आणि वाचायला लावा.

आता आपल्यासमोरचा प्रश्न

१ मार्च २०२७ ही संदर्भ तारीख धरून जनगणना होणार आहे आणि या वेळी सगळ्यांची जात नोंदवली जाणार आहे. आपल्या चळवळीत यावर वाद सुरू आहे. काही मित्र म्हणतात, धर्म बौद्ध लिहायचा आणि जातीच्या ठिकाणीही बौद्धच सांगायचे. जात सोडली म्हणजे सोडली. या भूमिकेमागची तळमळ मला समजते. बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या माणसाला जातीचे नाव तोंडातून काढणे जड जाते. मलाही जाते.

पण मी त्यांच्याशी सहमत नाही, आणि या शब्दाचा इतिहास हेच माझे कारण आहे. धर्माच्या रकान्यात बौद्धच. तिथे तडजोड नाही. तो रकाना आपण कोण आहोत ते सांगतो. जातीचा रकाना मात्र आपली ओळख सांगत नाही. तो सांगतो की १० ऑगस्ट १९५० च्या यादीतली कोणती नोंद आपल्याला लागू पडते. त्या यादीत ‘बौद्ध’ किंवा ‘नवबौद्ध’ नावाची नोंद नाही. ते सांगितले तर अनुसूचित जातींच्या मोजणीत आपण येणारच नाही. आणि विधानसभा-लोकसभेच्या राखीव जागा त्या मोजणीवरच ठरतात, विकासाचा निधीही लोकसंख्येच्या प्रमाणातच मागितला जातो. १९५६ ते १९९० आपल्याला सरकारने यादीबाहेर ठेवले. आता आपण आपल्या हाताने बाहेर पडायचे का?

कोणी म्हणेल, मग जात मान्य केल्यासारखे झाले. नाही. रुग्णाने डॉक्टरला आजाराचे नाव सांगितले म्हणजे त्याने आजार स्वीकारला असे होत नाही. जखम कोणी केली त्याची नोंद पोलीस ठाण्यात करावी लागते. आपण ती करतो आणि घरी येऊन त्रिशरण म्हणतो. दोन्ही एकाच माणसाची कामे आहेत. बाबासाहेबांनी कायद्यासाठी शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशन चालवले आणि माणूस म्हणून आपल्याला बौद्ध केले. त्यांना यात विसंगती वाटली नाही.

लळिंगच्या लांडोर बंगल्यावर दरवर्षी ३१ जुलैला भीमस्मृती यात्रेसाठी खानदेशातून हजारो लोक चढून जातात. तिथे कोणी कोणाला ‘तू शेड्यूलमधला का?’ असे विचारत नाही. तिथे सगळे ‘जय भीम’ म्हणतात. ती आपली ओळख. तहसील कार्यालयातला दाखला हा आपल्या हक्काचा कागद. एकाची जागा दुसऱ्याला देऊ नका.

दीपनगरच्या त्या मित्राला आता माझे पूर्ण उत्तर असे आहे. तुझ्याबद्दल हळू आवाजात बोलणाऱ्याला लाज तुझ्या नावाची नाही, त्याच्या मनातल्या जुन्या शिवीची आहे. शिवी देता येत नाही म्हणून तो कायद्यातला शब्द शिवीसारखा उच्चारतो. ‘शेड्यूल्ड’ म्हणजे कायद्याच्या यादीत ज्याचे नाव आहे तो. बँक तो शब्द पाटीवर लावते, कारण त्या यादीने तिची पत वाढते. आपल्या यादीच्या मागे महाड आहे, पुणे करार आहे, मोडलेला पाय आहे आणि चौतीस वर्षांची प्रतीक्षा आहे. तो शब्द हळू बोलण्यासारखा नाही, कोणाकडे दया मागण्याचाही नाही. तो थकलेले देणे मागण्याचा आहे, आणि ते देणे खणखणीत आवाजातच मागायचे असते.

जय भीम!